बाबांनी मागितलेली सुट्टी

"उचलू नकोस," मी म्हणाले.

फोन निनादच्या तळहातावर थरथरत होता. नाव उमटलं नव्हतं, नुसता नंबर होता. पण आम्ही जर्मनीत राहायचो त्या गावचा कोड आम्हा दोघांनाही पाठ होता. आणि आम्ही गावात नव्हतो. आम्ही दुसऱ्या देशात होतो, स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस नावाच्या डोंगराच्या माथ्यावर, गुडघाभर बर्फात. सोबत इचलकरंजी, सांगली, साताऱ्याकडची बसभर मंडळी, टूर कंपनीनं वाटलेल्या एकसारख्या केशरी टोप्या घालून.

"नाही उचलला तर पुन्हा करेल ती कचेरीतली बाई."

"करू दे. खाली उतरल्यावर बोल."

"खाली उतरेपर्यंत मुलाखत जाईल, अश्लेषा."

त्यानं फोन कानाला लावला आणि लोकांपासून लांब, दोरीच्या कुंपणाकडे चालत गेला. मी मुक्ताला छातीशी बांधलेलं होतं. आठ महिन्यांची होती तेव्हा. तिला सावरत मीही त्याच्या मागे गेले.

त्याच वेळी रोपवेचा पुढचा डबा वर आला, दार उघडलं आणि आमच्याच टूरमधली उरलेली मंडळी बाहेर पडत ओरडली, "गणपती बाप्पा…" बर्फातल्या सगळ्यांनी उत्तर दिलं, "मोरया!"

निनादनं फोनवर हात दाबला. मग हात काढून जर्मनमध्ये म्हणाला, "नाही, नाही. टीव्ही आहे. आम्ही घरीच आहोत."

मी डोळे मिटले.

"आज दोन वाजता?" तो म्हणाला. "आज जरा… आज कठीण आहे." मग एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या छातीशी झोपलेल्या टोपीकडे. "मुलगी आजारी आहे. ताप आहे रात्रीपासून. बायकोला एकटीला सोडता येत नाही. सोमवारी चालेल का?"

पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. तो 'हो, हो, आभारी आहे' म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "ती कंपनीशी बोलून अर्ध्या तासात परत फोन करतेय."

"मुक्ताचं नाव का घेतलंस?"

"दुसरं काय सांगणार होतो?"

"काहीही. स्वतःला ताप आणायचा. तिला का?"

"मला ताप म्हटलं असतं तर डॉक्टरचा कागद मागितला असता," तो म्हणाला. त्याचे ओठ थंडीनं पांढरे पडले होते. "आता नको ना, अश्लेषा. प्लीज."

निनादची नोकरी मार्चमध्ये गेली होती. डिझेल इंजिनाचे भाग बनवणारी त्याची कंपनी, तिनं तो विभागच बंद केला. जर्मनीत नोकरी गेली की सरकार काही महिने भत्ता देतं. घरभाडं, दूध, मुक्ताचे डॉक्टर, सगळं त्यावर चाललं होतं. पण त्याला अट असते. भत्ता घेणाऱ्यानं रोज हाताशी असायचं, बोलावलं की जायचं. गाव सोडायचं तर आधी रोजगार कचेरीला विचारायचं. निनादनं विचारलंही होतं. आमच्या कचेरीतल्या लिंडनरबाई त्याला म्हणाल्या, "एवढे दिवस नको. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी तुमच्यासाठी बोलून ठेवलंय, कधीही बोलावतील." आणि ती नोकरी आम्हाला नुसत्या पगारासाठी हवी होती असं नाही. तीन महिन्यांत दुसरी नोकरी नाही लागली तर देश सोडायचा, असा आमचा व्हिसा. त्यातले दोन महिने सरले होते.

तरी आम्ही निघालो, कारण ही टूर आदल्या दिवाळीत ठरलेली. बाबा, म्हणजे माझे सासरे, सूतगिरणीतून रिटायर झाले तेव्हा. आईबाबा टूरबरोबर सगळा युरोप बघणार आणि स्वित्झर्लंडच्या तीन दिवसांत आम्ही त्यांना येऊन मिळणार, असे सगळ्यांचे पैसे एकदमच भरलेले. नोकरी गेल्याचं घरी सांगितलं नव्हतं. निघताना सगळी गल्ली त्यांना हार घालायला जमली होती, त्याचा व्हिडिओ बाबांनी आम्हाला पाठवला. तो बघून निनाद म्हणाला, "त्यांची ट्रिप तेवढी होऊ दे. मग सांगतो." मी म्हटलं, आपण नको जाऊ या, काहीतरी कारण सांगू. तेव्हा तो म्हणाला, "त्यांनी मुक्ताला अजून हातात घेतलेलं नाही गं."

मी मुक्ताचे गरम कपडे बॅगेत भरले.

"काय रे, कुणाचा फोन?" बाबा बर्फातून पाय उचलत उचलत आमच्याकडे आले. अंगात निनादचा जुना कोट, पायात पांढरे शूज, केशरी टोपीखाली घट्ट माकडटोपी.

"ऑफिसचा, बाबा."

"सुट्टी टाकून आलायस नव्हं?"

"टाकली होती. पण आज एक मीटिंग निघालीय अचानक. मी नाही तर अडतंय म्हणे."

बाबांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू फुलला. ते मागे वळून ओरडले, "ओ गव्हाणे! ऐकलं काय? डोंगरावर बी सोडंनात बघा पोराला!"

गव्हाणेकाका साताऱ्याचे, बँकेतून रिटायर झालेले. दोन दिवसांत त्यांची आणि बाबांची गट्टी जमली होती, म्हणजे सारखी एकमेकांची टर उडवणं चाललं होतं. "सातपुते, पोरगा सुट्टीवर आहे का ड्यूटीवर, एकदा नक्की करा," ते म्हणाले. "नाहीतर इथंच टेबल-खुर्ची मांडून देऊ त्याला."

"अहो, त्याच्याशिवाय कंपनीचं पान हलत नाही!"

"मग तर लवकर पाठवा. कंपनी बुडाली तर आळ तुमच्या ट्रिपवर यायचा."

सगळे हसले. निनादही हसला. मी त्याच्याकडे बघूच शकले नाही.

आई आल्या, म्हणजे सासूबाई. त्यांनी मुक्ताच्या टोपीवरून हात फिरवला. "गेला तर जाऊ दे बापडा. कामाचं आधी. आम्ही हिला बघतोय की."

"जाऊ दे काय?" बाबा म्हणाले. "तीन वर्षांत पोरगा पहिल्यांदा आपल्याबरोबर जेवायला बसलाय. साहेबाला सांगता येतंय की नीट. आमच्या गिरणीत काय व्हायचं? पोराला रजा मिळंना झाली की बाप जायचा साहेबाकडं. माझ्या लग्नाला माझ्या बापानंच रजा आणली. साहेबाच्या केबिनमधी गेला, टोपी काढली, म्हटला, साहेब, पोराचं लगीन हाय. झालं. वडीलधाऱ्यानं शब्द टाकल्यावर साहेब नाही म्हणत नाही."

"बाबा, इथं तसं नसतं."

"सगळीकडं माणसंच असतात. दे, मी बोलतो."

"नको, बाबा," निनाद जवळजवळ ओरडलाच. मग आवाज उतरवून म्हणाला, "मी बघतो. मिटेल ते."

थंडीत फोनची बॅटरी मरते. अर्ध्याच्या वर असलेला निनादचा फोन बघता बघता लाल रेघेवर आला. बॅटरीवर चालणारा चार्जर बाबांकडे होता, तो त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात, गंजीफ्रॉकला चिकटून ठेवलेला. टूरवाल्या मुलानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट ते शाळेतल्या मुलासारखी पाळत. निनादनं फोन त्यांच्या खिशातल्या वायरीला लावला. त्याला तोवर खाली जाणारा रोपवे, पुढची गाडी, सीमेवर गाडी कुठे बदलायची हे सगळं विचारून यायचं होतं. समजा आज संध्याकाळची वेळ मिळाली तर पोचता येईल का ते.

"वाजला की मला हाक मारा. उचलू नका," तो बाबांना म्हणाला. मला म्हणाला, "लक्ष ठेव." आणि काचेच्या दारातून आत गेला.

मी लक्ष ठेवणार होते. पण मुक्ता उठली, भुकेनं रडायला लागली. मी दाराच्या आतल्या बाकावर बसले, कोट उघडला, वरून ओढणी घेतली आणि तिला पाजायला लागले. गार वाऱ्यातून आत आल्यावर मुलं कशी घाईनं पितात, तशी ती पीत होती. तिचं नाक माझ्या कातडीला बर्फासारखं लागत होतं. काचेतून बाबा दिसत होते. ते आईंना बर्फाचा गोळा करून दाखवत होते, आणि आई मारू नका हं, मारू नका हं, म्हणत मागे सरत होत्या. लग्नानंतर या दोघांना एकमेकांशी खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग बाबांनी गोळा टाकून दिला आणि खिशात हात घातला.

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "निनाद! ए निनाद!" दोनदा हाक मारली, ते मला काचेतून ओठांवरून कळलं. निनाद आत लांब कुठल्यातरी खिडकीपाशी रांगेत होता. मी उठले, पण मुक्ता दातांनी धरून राहिली, तिचे नुकतेच दोन दात आले होते. तिला सोडवेपर्यंत बाबांनी डोक्यावरची केशरी टोपी काढली. मग माकडटोपी काढली. बोडक्या डोक्यानं, ताठ उभं राहून त्यांनी फोन कानाला लावला.

साहेबाचा फोन वाजत ठेवायचा नसतो. चाळीस वर्षं गिरणीत काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी दार ढकललं तेव्हा ते मोठ्यांदा इंग्रजीत बोलत होते, एकेक शब्द तोलून.

"गुड मॉर्निंग, मॅडम. आय ॲम फादर ऑफ निनाद सातपुते. फ्रॉम इचलकरंजी, इंडिया. येस, मॅडम. ही इज हिअर ओन्ली. इन स्वित्झर्लंड. ऑन माउंटन. विथ फॅमिली."

"बाबा," मी म्हणाले. "बाबा, द्या इकडे."

त्यांनी मला हातानं थांबवलं. एक मिनिट, एक मिनिट. "मॅडम, ही इज व्हेरी सिन्सिअर बॉय. आफ्टर थ्री इयर्स वी आर मीटिंग. काइंडली ग्रँट टू डेज लीव्ह. आय रिक्वेस्ट. ॲज फादर." मग थोडं ऐकून ते हसले. "बेबी? बेबी इज फर्स्ट क्लास, मॅडम! प्लेइंग इन स्नो!"

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. हिसकावलाच म्हणायला हवं. वायर ओढली गेली, चार्जर खिशातून निघून बर्फात पडला. बाबा वाकून तो शोधायला लागले.

"मी फ्राउ सातपुते, निनादची बायको बोलतेय," मी जर्मनमध्ये म्हणाले.

पलीकडून लिंडनरबाईंचा आवाज आला, हळू, न चिडलेला. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"फ्राउ सातपुते, मुलगी कशी आहे?"

मी सांगू शकले असते. सासऱ्यांना इंग्रजी नीट येत नाही, ते जुन्या ट्रिपबद्दल बोलत होते, म्हातारं माणूस आहे, गोंधळतं. सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, जर्मन व्याकरणासकट. फक्त पहिलं वाक्य म्हणायचं होतं: तिला ताप आहे.

माझी आई लहानपणी सांगायची, लेकराच्या आजाराचं खोटं कधी बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. तिथे वास्तू कसली, चहूकडे बर्फ आणि आभाळ. पण मुक्ताचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, तिच्या तोंडाला दुधाचा वास येत होता, आणि ते वाक्य माझ्यातून बाहेर पडेना.

"बरी आहे," मी म्हणाले.

"ताप?"

"नाही. नव्हताच."

"तुम्ही कुठे आहात?"

"त्यांनी सांगितलं तिथेच."

त्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. "आता आणखी काही सांगू नका मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवढं सांगाल तेवढं मला लिहावं लागतं."

"फ्राउ लिंडनर, त्याच्या आईवडिलांना माहीत नाही. नोकरी गेल्याचं. ते तुम्हाला त्याच्या कंपनीच्या साहेब समजले."

"कळलं मला ते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सुट्टी कुणी अशी कधी मागितली नव्हती." क्षणभर वाटलं, त्या हसतील. "भत्ता थांबेल. तुम्ही निघालात त्या दिवसापासून. ते माझ्या हातात नाही."

"आणि सोमवारची मुलाखत?"

"मी आत्ता त्याच कंपनीशी बोलून तुम्हाला फोन केला होता. बाळ आजारी आहे म्हणून सोमवार मागून घेतला. ते लगेच हो म्हणाले, त्यांच्या साहेबांनाही लहान मूल आहे."

"मग राहू दे ना तसंच," मी म्हणाले. "मी पाया पडते तुमच्या. त्याला नुसतं बोलू दे त्यांच्याशी. तो चांगला आहे कामाला. आमच्याकडे एकच महिना उरलाय."

"मी त्यांना माझ्या तोंडानं खोटं सांगितलं, फ्राउ सातपुते. मला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. आता माहीत आहे. उद्या दुसऱ्या कुणासाठी मी फोन केला तर त्यांनी माझं का ऐकावं?"

मुक्ता आता सहा वर्षांची आहे, शेजारच्या खोलीत पाढे म्हणतेय, आणि मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

"मला वाईट वाटतं," लिंडनरबाई म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांना…" मग काय सांगायचं ते त्यांना सुचलं नसावं. "थंडी असेल तिथे. बाळाला जपा."

फोन बंद झाला. त्यांनी ठेवला की बॅटरी संपली, कळलं नाही.

बाबा चार्जर कोटाला पुसत माझ्यासमोर उभे होते. डोकं अजून बोडकं, कान लालभडक. मागे आई. त्यांच्या मागे गव्हाणेकाका आणि आणखी दोघंतिघं.

"काय म्हटल्या मॅडम?"

मी जर्मन बोलत होते तेव्हा ते सगळा वेळ माझ्याकडे बघत दोन बोटं दाखवत होते. दोन दिवस, दोन दिवस. मला ते बोलताना दिसत होतं.

खरं सांगायचं तर आता सगळंच सांगायला लागलं असतं. नोकरी नाही, तो बेकारभत्ता होता, त्या मॅडम कोण होत्या. आणि त्याच्या पुढच्याच क्षणी त्यांनी मला विचारलं असतं, मग मी त्यांना काय बोललो?

"दिली," मी म्हणाले. "सुट्टी दिली, बाबा."

"बघ!" बाबा आईंना म्हणाले. "बघ, म्हटलं नव्हतं? ओ गव्हाणे, मंजूर! एका शब्दात मंजूर!"

"अहो, टोपी घाला आधी," आई म्हणाल्या.

गव्हाणेकाकांनी टाळ्या वाजवल्या. "मानलं, सातपुते. आमच्या बँकेत असता तर तुम्हालाच युनियनचं अध्यक्ष केलं असतं."

तेवढ्यात दार ढकलून निनाद आला. हातात कसलंतरी वेळापत्रक, धावत आलेला. त्यानं बाबांचा चेहरा बघितला, माझ्या हातातला फोन बघितला.

"काय झालं?"

"अरे, मॅडमचा फोन आलता," बाबा म्हणाले. "मी बोललो."

निनाद माझ्याकडे वळला. या सगळ्यांसमोर आम्हा दोघांना बोलायला एकच भाषा होती. मी जर्मनमध्ये सांगितलं, शक्य तितक्या साध्या चेहऱ्यानं. तिला सगळं कळलंय. भत्ता बंद. मुलाखत नाही.

"बाबांनी?"

"डोंगर बाबांनी सांगितला. तापाचं मी सांगितलं. तिनं विचारलं, मला खोटं बोलता आलं नाही."

तो बघत राहिला. मला वाटलं, तो मला मारेल. आजवर त्यानं माझ्यावर आवाजही चढवलेला नाही, पण त्या क्षणी मला तसं वाटलं, आणि त्यानं मारलं असतं तर मी काही बोलले नसते. त्याच्या हातातलं वेळापत्रक चुरगळत गेलं. मग तो माझ्यावरून नजर काढून बाबांकडे वळला आणि मला त्याहून जास्त भीती वाटली. त्याच्या मानेवरची शीर उठली होती. तोंड उघडलं होतं.

जूनच्या शेवटी आम्ही सामान बांधून परत आलो. कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीत तो लागला, आधीच्या निम्म्याहून कमी पगारावर. घरी सांगितलं, मुक्तासाठी आलो. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मला फक्त त्याचं उघडलेलं तोंड दिसत होतं.

बाबांनाही ते दिसलं असावं. त्यांचं हसू थोडं ओघळलं. टोपी हातातल्या हातात फिरवत ते खालच्या आवाजात, गव्हाण्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तू उचलू नका म्हटलावतास. पण ते सारखं वाजाय लागलं. मी आपलं… काय चुकलं काय रे माझं? इंग्लिश जरा अडखळलं मधी."

वारा आला. बर्फाची बारीक भुकटी सगळ्यांच्या अंगावर उडाली. निनादनं तोंड मिटलं. दोन पावलं पुढे गेला, बाबांच्या हातातली माकडटोपी घेतली, त्यांच्या डोक्यावर चढवली आणि दोन्ही कान झाकेपर्यंत खाली ओढली.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "चांगलं बोललात. तुम्ही शब्द टाकलात म्हणून झालं."